चाकांवरचे वाडे

घर आपलें, पण त्याखालची जमीन दुसऱ्याची. आणि तें हलवावयाचें झालें तर ओढणारे बैलही दुसऱ्याचेच! अशा घराच्या मालकाला श्रीमंत म्हणावें कीं परतंत्र, असा प्रश्न कोणासही पडेल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दीडशें वर्षांपासून अशीं घरें आहेत. तीं म्हणजे धनिकांचे खाजगी रेल्वे-डबे. आपल्याकडे ज्याला सलून म्हणतात त्याच जातीची ही वस्तु. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे-संग्रहालयांत म्हैसूरच्या महाराजांचें १८९९ सालचें सलून आहे, बडोद्याच्या गायकवाडांचेंही आहे. परंतु आपल्याकडे सलून हें राजपदाचें लक्षण होतें. अमेरिकेंत राजा नाहीं व सरदारही नाहींत, तेथें तें पैशानें मिळे. म्हणून त्या डब्यांचा इतिहास हा एका अर्थानें त्या देशांतील पैशाचाच इतिहास आहे.

या इतिहासांतील मुख्य पुरुष जॉर्ज पुलमन. रात्रीच्या प्रवासांत उतारूंना नीट निजतां यावें म्हणून त्यानें शयनाचे डबे बांधण्यास आरंभ केला, व १८६७ सालीं आपली कंपनी स्थापन केली. हे डबे तो सहसा विकीत नसे. ते आपल्याच मालकीचे ठेवून रेल्वे कंपन्यांशीं करार करी, आणि डब्याबरोबर नोकरही आपलेच देई. मात्र ज्याची ऐपत असे त्याला हवा तसा खाजगी डबा पुलमनच्या व इतरांच्या कारखान्यांत बांधून मिळे. रेल्वेमार्गांचा धनी जे गूल्ड याचा ‘अ‍ॅटलॅन्टा’ १८८८ सालचा. सर्कशीचा मालक जॉन रिंगलिंग याचा ‘विस्कॉन्सिन’ १९०५ सालचा. हेन्री फोर्डचा ‘फेअर लेन’ १९२१ सालचा. ज्या फोर्डनें मोटार सामान्य माणसाच्या दारीं नेऊन उभी केली, त्याला स्वतःच्या लांबच्या प्रवासासाठीं आगगाडीचाच डबा हवा झाला, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. जहाजांप्रमाणें या डब्यांना नांवें असत. क्रमांकावर त्यांच्या मालकांचें समाधान होत नसे.

डब्याची रचना बहुतेक ठरलेली. मागच्या टोकास उघडा सज्जा, त्याला लागून बैठकीची खोली. पुढें अरुंद बोळ व त्याच्या बाजूस निजावयाच्या खोल्या. मग जेवणघर, स्वयंपाकघर आणि नोकरांची कोठडी. आंत उत्तम लांकूड, गालिचे आणि चांदीचीं भांडीं. बाहेरून लांकडावर व्हार्निशचे हातावर हात दिलेले असत. त्यावरून या डब्यांना ‘व्हार्निश’ असेंच नांव पडलें व पोलादी डबे आल्यावरही तें टिकलें. परंतु थंडींत ऊब हवी तर वाफ इंजिनाकडूनच यावयाची, आणि प्रवासास निघावयाचें तर रेल्वे कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणेंच निघावें लागे. आंत धनी पूर्ण स्वतंत्र. डब्याचें दार ओलांडतांच तो परावलंबी!

या वैभवाची दुसरी बाजू १८९४ सालीं जगापुढें आली. शिकागोजवळ पुलमननें आपल्या कामगारांसाठीं स्वतःच्या नांवाचें एक गांवच वसविलें होतें. घरें कंपनीचीं, दुकानें कंपनीचीं, देवळाची इमारतही कंपनीचीच. व्यापारांत मंदी येतांच कंपनीनें मजुरी कमी केली, पण घरभाडें मात्र उतरविलें नाहीं. मे महिन्यांत कामगारांनीं संप केला. यूजीन डेब्ज यांच्या रेल्वे कामगार संघानें पुलमनचे डबे ज्या गाडीला जोडले असतील ती गाडी चालवावयाची नाहीं, असा निर्धार केला. शिकागोच्या पश्चिमेकडील बराचसा रेल्वेव्यवहार ठप्प झाला. शेवटीं अध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं लष्कर पाठवून संप मोडला व डेब्ज यांना तुरुंग भोगावा लागला. १८९७ सालीं पुलमन वारला, तेव्हां कोणी सूडानें प्रेत उकरून काढील या भीतीनें त्याच्या आप्तांनीं शवपेटी पोलाद व काँक्रीट यांच्या थराखालीं पुरली. ज्यानें हजारोंना सुखाची निद्रा दिली, त्याच्या स्वतःच्या चिरनिद्रेला असा बंदोबस्त लागावा!

डब्यांतील नोकरांची कथाही विसरतां येण्यासारखी नाहीं. पुलमननें हे नोकर बहुतेक नीग्रो लोकांतून घेतले; आरंभीच्या पिढींतले पुष्कळजण गुलामगिरींतून नुकतेच मुक्त झालेले. उतारू त्यांना सरसकट ‘जॉर्ज’ म्हणून हांक मारीत. म्हणजे धन्याचेंच नांव नोकराला! ज्याचें नांव विचारण्याचीही कोणास गरज वाटली नाहीं, त्याच्या श्रमावर हा सारा थाट उभा होता. १९२५ सालीं ए. फिलिप रँडॉल्फ यांनीं या नोकरांचा संघ स्थापिला, आणि बारा वर्षें झगडून १९३७ सालीं बलाढ्य कंपनीला करारावर सही करावयास लावली. पुढें नीग्रोंच्या नागरिक हक्कांच्या लढ्याला याच संघानें माणसें आणि पैसा पुरविला.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी व विमानें यांनीं रेल्वेचे उतारू नेले, आणि कालचे वाडे आज अडगळ ठरूं लागले. पुलमन कंपनीनें १९६८च्या अखेरीस शयनाच्या डब्यांचा धंदा बंद केला. अशा काळांत जुने डबे हौसेनें विकत घेणारा एक नवा वर्ग निर्माण झाला. ल्यूशस बीबी हे लेखक व त्यांचे सहकारी चार्ल्स क्लेग हे त्यांतले अग्रणी. त्यांनीं प्रथम ‘गोल्ड कोस्ट’ व नंतर १९५४ सालीं ‘व्हर्जिनिया सिटी’ हा डबा घेऊन तो व्हेनिसच्या जुन्या प्रासादांच्या धर्तीवर सजविला. १९५९ सालीं या डब्यांच्या इतिहासावर बीबींचा ग्रंथही प्रसिद्ध झाला. आज ‘गोल्ड कोस्ट’ कॅलिफोर्नियाच्या रेल्वे-संग्रहालयांत आहे.

परंतु विकत घेणें निराळें आणि राखणें निराळें. अध्यक्ष लिंकन यांच्यासाठीं यादवी युद्धाच्या काळांत एक सुंदर डबा बांधला होता. जिवंतपणीं ते त्यांत कधीं बसले नाहींत. १८६५ सालीं त्यांचें शव मात्र त्यांतून वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डला गेलें. पुढें तो डबा विकला गेला, या हातांतून त्या हातांत फिरला, कांहीं काळ कामगारांच्या वाहतुकीस लागला. अखेर १९०५ सालीं मिनिआपोलिसच्या एका धनिकानें आदरानें तो घेतला. पण तो गृहस्थ वारला, आणि १९११ सालीं गवताला लागलेल्या वणव्यांत डबा जळून गेला. याच्या उलट ‘फर्डिनंड मॅजेलन’ची गोष्ट. १९२९ साली बांधलेल्या या डब्याला १९४२ सालीं अध्यक्ष रूझवेल्टांसाठीं पोलादी चिलखत व तीन इंच जाडीच्या कांचा बसविल्या. १९४८ सालीं ट्रूमन यांनीं याच्याच सज्जावरून गांवोगांवीं भाषणें करून निवडणूक जिंकली. नंतर सरकारनें तो टाकून दिला, तरी फ्लोरिडांतील एका संग्रहालयानें त्याला आश्रय दिला, आणि तो आजही तेथें उभा आहे. दोन्ही डबे सारखेच थोर. पण एकाला केवळ धनी मिळाला, दुसऱ्याला संस्था मिळाली.

अमेरिकेंतील उतारूंच्या गाड्या १९७१ सालच्या १ मे पासून अ‍ॅमट्रॅक हें महामंडळ चालवितें. दर मैलामागें भाडें घेऊन तें खाजगी डबे आपल्या गाड्यांना जोडूं देतें. मात्र डब्याची दरवर्षीं तपासणी व्हावी लागते. जुन्या वाफेच्या नळ्या काढून ४८० व्होल्टच्या विजेची सोय करावी लागते. चाकें, कणे व ब्रेक यांवर होणारा खर्च पुष्कळदां डब्याच्या मूळ किंमतीहून अधिक होतो. इतकें करूनही २०१८ सालीं अ‍ॅमट्रॅकनें एका फटक्यांत निर्बंध वाढविले, आणि कित्येक डबे जागच्या जागीं अडकून पडले. रूळ दुसऱ्याचे होते, ही गोष्ट मालकांना पुन्हां एकदां कळून आली.

म्हणून असा डबा घेऊं इच्छिणाऱ्यानें किंमत विचारण्यापूर्वीं दोन गोष्टी विचाराव्या: हा उभा कोठें राहील, आणि माझ्यामागें याची निगा कोण राखील? पुलमनचें तें गांव २०१५ सालीं राष्ट्रीय स्मारक झालें. तेथें कारखान्याची इमारत आहे, कामगारांचीं घरें आहेत, आणि जवळच त्या ‘जॉर्ज’ म्हणविल्या गेलेल्या नोकरांचें संग्रहालय आहे. त्यामुळें डबा पाहून परतणाऱ्याला तो कोणी बांधला आणि त्यांत बिछाना कोण घालीत असे, हेंही समजतें.