विज्ञानाच्या ऑनलाइन शैक्षणिक साधनांचा शिक्षकांमधील प्रसार

विज्ञान शिकवण्यासाठी आंतरजालावर उपलब्ध असलेली चलचित्रे, सिम्युलेशन, आभासी प्रयोगशाळा, कृतिपत्रिका इत्यादी साधने शिक्षकांच्या नित्य अध्यापनात यावीत, यासाठी केल्या जाणाऱ्या नियोजनबद्ध कार्यास विज्ञानाच्या ऑनलाइन शैक्षणिक साधनांचा शिक्षकांमधील प्रसार असे म्हणता येते. साधन निर्माण करणे आणि ते वर्गात वापरले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी निधी, तंत्रज्ञ व विषयतज्ज्ञ लागतात; दुसरी शिक्षकाच्या वेळापत्रकावर, त्याच्या भाषेवर आणि बहुतेक वेळा शेजारच्या शाळेतील सहकाऱ्याच्या अनुभवावर अवलंबून असते. दुसऱ्या गोष्टीचा विचार साधन पूर्ण झाल्यानंतर सुरू होतो, हा या क्षेत्रातील नेहमीचा दोष आहे.

== पार्श्वभूमी ==

दूरस्थ माध्यमांतून विज्ञानशिक्षण पोहोचवण्याचे प्रयत्न आंतरजालाहून जुने आहेत. भारतात ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात झालेल्या ‘साइट’ या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. त्याच प्रयोगाचा भाग म्हणून प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान अध्यापनाचे प्रशिक्षणही घेण्यात आले.

मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचा मार्ग वेगळा होता. तो १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झाला. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ या संस्थेने त्याची जबाबदारी घेतली. या कार्यक्रमात पाठ्यपुस्तक, प्रयोगसंच, प्रशिक्षण, शिक्षकांच्या मासिक बैठका आणि परीक्षापद्धती या सर्वांचा एकत्र विचार झाला होता. परीक्षेत मुलांना पुस्तक व वही उघडून पाहण्याची मुभा असे. शिक्षकाने प्रयोग करवून घ्यावेत आणि परीक्षेत मात्र पाठांतर तपासले जावे, ही विसंगती त्यामुळे टळली. राज्य शासनाने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला. त्यात संगणक कोठेही नव्हता, तरीही प्रसाराचे नियोजन करणाऱ्याने सर्वप्रथम अभ्यासावा असा हा भारतीय अनुभव आहे. पुण्यात टेल्को कंपनीत अभियंता असलेल्या अरविंद गुप्ता यांनाही विज्ञान-खेळण्यांची प्रेरणा याच कार्यक्रमातून मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावरील पुस्तके व लहान चलचित्रे मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य उपलब्ध आहेत.

== सैद्धांतिक आधार ==

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेला नवकल्पनांच्या प्रसाराचा सिद्धांत या क्षेत्रात बहुधा आधारभूत मानला जातो. कोणतीही नवी गोष्ट स्वीकारली जाण्याचा वेग तिचा तुलनात्मक लाभ, प्रचलित कामाशी सुसंगती, वापरातील सोपेपणा, थोडक्यात करून पाहण्याची सोय आणि परिणामांची दृश्यता यांवर ठरतो, असे रॉजर्स यांचे प्रतिपादन आहे. शाळेच्या संदर्भात ‘थोडक्यात करून पाहणे’ विशेष महत्त्वाचे ठरते. नोंदणी, परवलीचा शब्द आणि तीन दिवसांचे प्रशिक्षण यांनंतरच उघडणारे साधन शिक्षक सहसा करून पाहत नाही. दुव्यावर बोट ठेवताच उघडणारे साधन तो मधल्या सुट्टीतही पाहतो.

थॉमस गस्की यांनी १९८६ मध्ये शिक्षकांतील बदलाचा क्रम वेगळ्या प्रकारे मांडला. आधी प्रशिक्षणाने शिक्षकाचे मत बदलते आणि मग त्याची पद्धत बदलते, असा सर्वसाधारण समज असतो. गस्की यांच्या मते शिक्षक प्रथम पद्धत बदलून पाहतो, विद्यार्थ्यांमध्ये फरक दिसतो आणि त्यानंतर त्याचे मत पालटते. हे मान्य केल्यास साधनाचे महत्त्व पटवणाऱ्या व्याख्यानांना फारसे स्थान उरत नाही. पुढच्या आठवड्यात वर्गात घेता येईल असा एक तयार पाठ शिक्षकाच्या हाती देणे, हे प्रसाराचे पहिले काम ठरते.

== फेट प्रकल्पाचे उदाहरण ==

२००१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील बोल्डर येथील कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. विद्युतमंडल, भिंगे, सामू, अणुरचना, अपूर्णांक अशा विषयांवरील त्याची सिम्युलेशन विनामूल्य आहेत. आरंभी ती केवळ भौतिकशास्त्रापुरती होती. नंतर रसायनशास्त्र, जीवशास्त्र व गणित यांची भर पडली.

प्रसाराच्या दृष्टीने फेटची काही वैशिष्ट्ये लक्षणीय आहेत. प्रत्येक सिम्युलेशन स्वतंत्रपणे उघडते, त्यासाठी विद्यार्थ्याला नोंदणी करावी लागत नाही. ते उतरवून घेता येत असल्याने आंतरजाल नसलेल्या शाळेतही चालते. भाषांतराची सुविधा स्वयंसेवकांना खुली असल्यामुळे शंभराहून अधिक भाषांत सिम्युलेशन उपलब्ध झाली असून त्यांत मराठीही आहे. शिक्षकांनी स्वतः तयार केलेले पाठ त्याच संकेतस्थळावर इतर शिक्षकांसाठी ठेवले जातात. एखाद्या साधनाचा सर्वांत विश्वसनीय प्रचारक म्हणजे ते वापरणारा दुसरा शिक्षक, हे यातून मान्य केले गेले आहे.

फेटच्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने विद्युतमंडलाचे प्रयोग सिम्युलेशनवर, तर दुसऱ्याने प्रत्यक्ष साहित्यावर केले. नंतर संकल्पनांवरील प्रश्नांत आणि खऱ्या तारा, बल्ब जोडून मंडल तयार करण्यातही पहिला गट सरस ठरला. हा निष्कर्ष विशिष्ट विषयापुरता आहे. त्यावरून प्रयोगशाळेची गरज नाही असा अर्थ काढणे चुकीचे होईल, आणि साहित्य खरेदी टाळू इच्छिणाऱ्या व्यवस्थापनापुढे तो मांडताना ही मर्यादा सांगणे आवश्यक आहे.

== महाराष्ट्रातील स्थिती ==

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापले जातात. ते मोबाइलने वाचल्यास ‘दीक्षा’ या २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मंचावरील पाठाशी संबंधित साहित्य उघडते. पुस्तकांत असे कोड वापरण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी आपल्या वर्गात आधी केला होता. त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. शिक्षकाने शोधलेली सोय व्यवस्थेने उचलल्याचे हे उदाहरण आहे. एरवी प्रवास बहुतेकदा उलट दिशेने होतो. सी-डॅक आणि अमृता विश्व विद्यापीठम् यांनी विकसित केलेल्या ‘ओलॅब्स’ या आभासी प्रयोगशाळेत इयत्ता ९ वी ते १२ वीचे प्रयोग असून त्यांतील साहित्य मराठीतही आहे.

प्रसारासाठी राज्यात तयार वाटा आहेत. केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेत परिसरातील शाळांचे शिक्षक एकत्र येतात. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, विषयशिक्षक संघटना, तालुका विज्ञान प्रदर्शने आणि शिक्षकांचे व्हॉट्सॲप गट ही अन्य माध्यमे होत. व्हॉट्सॲप गटावर आलेला दुवा दुपारपर्यंत शुभेच्छासंदेशांखाली दबून जातो. केंद्रस्तरावर एका शिक्षकाने स्वतःच्या वर्गात घेतलेला पाठ दाखवला, तर तो स्मरणात राहतो.

वेळेचे भान तितकेच महत्त्वाचे आहे. नववीच्या विज्ञानात ‘धाराविद्युत’ हे प्रकरण सुरू होण्याच्या सुमारास विद्युतमंडलाचे सिम्युलेशन शिक्षकाच्या हाती आले, तर ते वापरले जाण्याचा संभव असतो. तेच परीक्षेच्या तोंडावर आले तर नसतो. निवडणूक व जनगणनेची कामे शिक्षकांकडे असतात, हेही नियोजनात धरावे लागते. मार्च महिन्यात माध्यमिक शिक्षकांची कार्यशाळा ठेवणाऱ्याने दहावीची परीक्षा जवळून पाहिलेली नसावी.

== भाषा व परिभाषा ==

मराठी माध्यमाच्या शाळांसाठी भाषांतर पुरेसे नसते. परिभाषा पाठ्यपुस्तकाशी जुळावी लागते. ‘क्षार’ हा शब्द याचे बोलके उदाहरण आहे. मराठी पाठ्यपुस्तकात आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार तयार होतो, म्हणजे मीठ हा क्षार होय. हिंदीत मिठाच्या वर्गाला ‘लवण’ म्हणतात आणि ‘क्षार’ म्हणजे पाण्यात विरघळणारा आम्लारी. त्यामुळे हिंदी चलचित्र जसेच्या तसे दाखवल्यास मराठी विद्यार्थी नेमका उलटा अर्थ घेऊ शकतो. हिंदीतील ‘प्रतिरोध’ हा मराठीत ‘रोध’ आहे. असे भेद शिक्षकाला आधी सांगणारे अर्ध्या पानाचे टिपण अनेकदा संपूर्ण ध्वनिमुद्रणापेक्षा उपयुक्त ठरते. यंत्राने केलेल्या भाषांतरात ही काळजी विशेष घ्यावी लागते.

== मूल्यमापन व टीका ==

भेटींची संख्या, नोंदणी केलेले शिक्षक, वाटलेली प्रमाणपत्रे हे आकडे सहज मिळतात म्हणून अहवालांत तेच दिले जातात. प्रशिक्षणानंतर किती शिक्षकांनी साधन दुसऱ्यांदा, कोणी न सांगता वापरले, हा अधिक अर्थपूर्ण प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळवण्यासाठी सहा महिन्यांनी शाळेत जावे लागते. प्रमाणपत्रासाठी चलचित्र सुरू ठेवून अन्य काम करणारा शिक्षक आणि फळ्यावर आकृती काढून त्याच प्रयोगाची चर्चा घडवणारा शिक्षक यांत आकडेवारी पहिल्यालाच मोजते.

लॅरी क्यूबन यांनी १९८६ च्या ग्रंथात चित्रपट, नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि संगणक यांच्या अमेरिकन वर्गांतील प्रवेशाचा इतिहास तपासला. प्रत्येक वेळी मोठ्या अपेक्षा, अल्प वापर आणि शेवटी शिक्षकांवर दोषारोप हेच चक्र त्यांना आढळले. पेरू देशात मुलांना लॅपटॉप वाटण्याच्या कार्यक्रमाच्या २०१२ मधील मूल्यमापनातही गणित व भाषा यांतील संपादणुकीवर परिणाम झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

साधनांचे अल्पायुष्य हा आणखी एक आक्षेप आहे. ॲडोबी कंपनीने फ्लॅश या तंत्रज्ञानाचा आधार डिसेंबर २०२० अखेर काढून घेतल्यावर त्यावर चालणारे असंख्य शैक्षणिक प्रयोग एकाएकी उघडेनासे झाले. फेटने आपली सिम्युलेशन नव्या एचटीएमएल ५ या स्वरूपात आणण्याचे काम काही वर्षे आधीच हाती घेतले होते. निधी संपलेल्या लहान प्रकल्पांना ते जमले नाही. ज्या शिक्षकांनी अशा साधनांभोवती आपल्या पाठांची टाचणे बांधली होती, त्यांना ती नव्याने लिहावी लागली.