सर्वांसाठी संकेतस्थळ : एका स्वयंसेवक मंडळाचा इतिहास

विद्येची दारे सर्वांना खुली असावीत, या म्हणण्याला आज कोणी विरोध करणार नाही. अडचण येते ती दार बसवताना. सुतार उंबरठा ठेवतो तो कोणाला अडवावे म्हणून नव्हे. चाकांच्या खुर्चीतला मनुष्य त्या वेळी त्याच्या ध्यानी नसतो, इतकेच. संगणकाच्या जगातही असे उंबरठे आहेत. ते काढण्यासाठी विनावेतन झटणाऱ्या एका मंडळाचा इतिहास आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत.

अंध मनुष्य संगणक वापरतो तरी कसा? पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी आज्ञावली त्याच्या मदतीला असते. तिला स्क्रीन रीडर म्हणतात. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी २००६ साली अशी एक आज्ञावली लिहावयास घेतली व जेम्स तेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही अंध. एनव्हीडीए नावाची ही आज्ञावली ते जगाला विनामूल्य देत आले. पण स्क्रीन रीडरला चित्र दिसत नाही. संकेतस्थळाच्या रचनेत जे नाव लिहिले असेल तेच तो वाचतो. बटणाला नाव दिलेले नसेल, तर तो नुसते ‘बटण’ म्हणून गप्प बसतो. ते ‘जतन करा’चे की ‘पुसून टाका’चे, हे ऐकणाऱ्याने कसे ओळखावे? शिवाय अंधाला माउसचा उपयोग नाही. त्याचे सारे काम कळफलकावर चालते.

हे दोष टाळावेत कसे, याचे नियम नव्हते असे नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९७ साली या कार्यासाठी स्वतंत्र उपक्रम काढला, १९९९ साली पहिले नियम प्रसिद्ध केले व २००८ साली ते सुधारले. प्रश्न होता तो पाळण्याचा.

येथे वर्डप्रेसची कथा सुरू होते. मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी २००३ साली सुरू केलेली ही आज्ञावली कोणालाही फुकट घेता येते, आणि आज जगातील दर पाच संकेतस्थळांपैकी सुमारे दोन तिच्यावर चालतात. तिच्या घडणीत असंख्य स्वयंसेवकांचा हात आहे. त्यांच्यातील एक लहानसे मंडळ अपंगांच्या सोयीकडे लक्ष देई. २०१६ साली या कामाला मोठे यश आले: यापुढे लिहिला जाणारा प्रत्येक नवा भाग २००८च्या नियमांच्या मधल्या पायरीला उतरला पाहिजे, असे ठरले.

परंतु ठराव करणे निराळे आणि ठरावाप्रमाणे वागणे निराळे. लवकरच ‘गुटेनबर्ग’ नावाचा नवा लेखन-संपादक तयार होऊ लागला. तो ज्या तंत्रावर उभा होता, ते मंडळातील फार थोड्यांना अवगत होते. इमारत भराभर चढत होती आणि उतार कोठे हवा हे सांगणारे मागे पडत होते. ऑक्टोबर २०१८मध्ये मंडळाच्या प्रमुख रियान रीटफेल्ड यांनी आपली कारणे जाहीरपणे मांडून पद सोडले. त्याच महिन्याच्या अखेरीस मंडळाने स्पष्ट सांगितले, की ज्यांना साहाय्यक साधनांवाचून गत्यंतर नाही त्यांना या संपादकाची शिफारस आम्ही करू शकत नाही. तरीही ६ डिसेंबर २०१८ रोजी नवी आवृत्ती बाहेर पडली.

न्यायाने बोलायचे तर जुना संपादक वेगळा जोडून घेण्याची सोय ठेवलेली होती. पण नव्या घरात इतरांनी राहावे आणि अपंगांनी जुन्यातच, ही सोय झाली, समता नव्हे.

इतिहास तेथे थांबला नाही. विद्यापीठांत वर्डप्रेस वापरणाऱ्यांच्या ‘डब्ल्यूपीकॅम्पस’ या संघाने वर्गणी जमवून बाहेरच्या तज्ज्ञांकडून गुटेनबर्गची तपासणी करविली व मे २०१९मध्ये अहवाल सर्वांपुढे ठेवला. दोष नावानिशी समोर आल्यावर दुरुस्तीला दिशा मिळाली. मंडळही राहिले, नव्या माणसांनी काम पुढे चालविले.

या इतिहासातून आम्ही काय घ्यावे? स्वयंसेवकाची तळमळ मोठी खरी; पण ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार तिच्यापाशी नसेल, तर ती तारखेपुढे हरते. म्हणून दयेच्या जागी हक्क हवा. आपल्याकडे २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला.

कायदा झाला, तरी दार बसवणारे आपणच. गावातील वाचनालयाचे, शाळेचे वा पतपेढीचे संकेतस्थळ होईल, तेव्हा उद्घाटनाची तारीख ठरविण्यापूर्वी ते एखाद्या अंध बंधुभगिनीकडून तपासून घ्यावे. पाहुण्याला बोलावून मग पायरी फोडण्यापेक्षा, ते अधिक शहाणपणाचे आहे.