झिजण्यासाठीच बसवलेला धातू

घरातला गिझर बदलण्याची वेळ आली, हे कसे ओळखायचे? बहुतेक घरांत याचे उत्तर गिझरच देतो: टाकी गळू लागते. पण तोवर उशीर झालेला असतो. ही झीज आधी कळायची असेल, तर टाकीच्या आत कोणता धातू कोणासाठी झिजतो आहे, हे समजून घ्यायला हवे. या कल्पनेचा उगम न्हाणीघरात नसून लढाऊ जहाजांच्या तळाशी आहे.

अठराव्या शतकात ब्रिटिश आरमाराची जहाजे लाकडी होती. उष्ण समुद्रांतले काही जीव त्यांचा तळ पोखरत, तर तळाला चिकटलेल्या शेवाळामुळे व कवचधारी प्राण्यांमुळे वेग मंदावे. उपाय म्हणून १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले गेले. दोन वर्षांनी पाहणी केली, तेव्हा लोखंडी खिळे पुष्कळ ठिकाणी गंजून गेलेले आढळले. काही खिळे मात्र शाबूत होते. तिथे पत्र्यांभोवतीचा तपकिरी कागद तसाच राहिला होता, त्यामुळे लोखंडाचा तांब्याला स्पर्शच झाला नव्हता. तांब्याला टेकलेले लोखंड खाऱ्या पाण्यात लवकर गंजते, हे अनुभवाने कळले. त्यामागचे कारण उमगायला १८०० साली व्होल्टाने विद्युत्‌घट तयार करेपर्यंत थांबावे लागले.

पत्रे टिकले तरी त्यांचे तांबेही समुद्रात हळूहळू झिजत होते. १८२३ मध्ये आरमाराने हा प्रश्न रॉयल सोसायटीकडे नेला. सोसायटीचे अध्यक्ष तेव्हा हम्फ्री डेव्ही होते. विद्युत्‌प्रवाहाच्या साहाय्याने सोडियम आणि पोटॅशियम वेगळे करणारे हेच ते डेव्ही. त्यांनी विचार केला: तांब्याचे झिजणे ही जर विद्युत्-रासायनिक क्रिया असेल, तर तांब्याची विद्युत् स्थिती बदलून ती थांबवता येईल. त्यासाठी तांब्याला त्याच्याहून अधिक क्रियाशील धातू जोडला, की तो धातू झिजेल आणि तांबे वाचेल. प्रयोगांत वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा ४० ते ५० चौरस इंच तांब्याचे रक्षण करतो, असे दिसले. १८२४ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष सोसायटीपुढे मांडले. त्याच वर्षी कोचीन येथे बांधलेल्या ‘समरंग’ या जहाजाच्या तळाला बिडाचे तुकडे जोडण्यात आले.

तांबे खरोखरच वाचले. परंतु अशा संरक्षित तळांवर शेवाळ आणि कवचधारी जीव वाढू लागले, जहाजे मंदावली आणि काही वर्षांतच आरमाराने हा उपाय सोडून दिला. कारण असे, की झिजताना तांब्याचे जे आयन पाण्यात जात, तेच त्या जीवांना विषारी ठरत. तळ स्वच्छ राहत होता तो तांबे झिजत होते म्हणूनच. डेव्हींचे रसायनशास्त्र अचूक होते. फक्त या जागी झिजणाऱ्या तांब्यालाही एक काम होते.

कल्पना मात्र वाया गेली नाही. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेल यांनी लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा थर देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आपल्या ओळखीच्या जस्ती बादलीला ओरखडा गेला तरी ती लगेच गंजत नाही, कारण आजूबाजूचे जस्त लोखंडाच्या आधी झिजते.

आता गिझरकडे वळू. जुना तांब्याचा बंब वर्षानुवर्षे टिके, कारण तांबे साध्या पाण्यात फार सावकाश झिजते. आजच्या अनेक गिझरांची टाकी पोलादी असते आणि तिला आतून काचेसारखा मुलामा दिलेला असतो. मुलाम्यात बारीक भेगा राहतातच. तिथले पोलाद वाचवण्यासाठी टाकीत मॅग्नेशियमचा दांडा बसवतात. दुरुस्ती करणारे त्याला ‘ॲनोड रॉड’ म्हणतात. जस्त का नाही? काही प्रकारच्या पाण्यात सुमारे ६० अंश सेल्सियसच्या वर जस्त आणि लोखंड यांच्या भूमिका उलटू शकतात. मॅग्नेशियम लोखंडाहून कितीतरी अधिक क्रियाशील असल्याने तो धोका राहत नाही.

दांडा संपला, की भेगांतले पोलाद गंजू लागते. म्हणून वर्षा-दोन वर्षांनी वीज बंद करून, जाणकाराकडून दांडा काढून पाहावा. आतली तार उघडी पडली असेल तर दांडा बदलावा. गिझर बदलायची गरज नाही. नळातून तांबूस पाणी येऊ लागले, तर आधी गार पाण्याचा नळ सोडून पाहावा. तेही तांबूस असेल तर दोष पुरवठ्याचा किंवा नळांचा. फक्त गरम पाणीच तांबूस असेल आणि बादलीभर सोडूनही स्वच्छ होत नसेल, तर टाकीवर संशय घ्यावा. खदखद आवाज येणे किंवा पाणी तापायला वेळ लागणे ही बहुधा क्षारांच्या थराची खूण असते. त्यावर सफाई किंवा हीटिंग एलिमेंट बदलणे पुरते. सांध्यातली गळतीही दुरुस्त होते. खुद्द टाकीच पाझरू लागली, तर मात्र नवा गिझर घ्यावा. पाण्याला विजेचा झटका जाणवला, तर गिझर त्याच क्षणी बंद करावा.

वर्गात हे सहज दाखवता येईल. मिठाच्या पाण्याच्या तीन पेल्यांत तीन स्वच्छ खिळे ठेवा: एक नुसता, एक तांब्याची तार गुंडाळलेला, एक मॅग्नेशियमची फीत गुंडाळलेला. कोणता आधी गंजतो, याची रोज नोंद करायला सांगा. प्रयोग फीत संपल्यावरही चालू ठेवा. तिसऱ्या खिळ्यावर पहिला तांबूस डाग कधी दिसतो ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्या, आणि फीत कोणत्या दिवशी बदलली असती तर तो डाग पडला नसता, हेही विचारा.