काळा पहाड ते वीस बाजूंचा फासा

चंद्रकांत सखाराम चव्हाण हे नाव आपल्या सोसायटीत किती जणांना ठाऊक असेल? पण बाबूराव अर्नाळकर म्हटलं की साठीच्या पुढचे सगळे माना डोलावतील. दोघे एकच. १९०६ साली जन्मलेल्या आणि १९९६ साली गेलेल्या या गृहस्थांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही मंडळी गिरगाव-लालबागच्या चाळींत घरच्यासारखीच वावरत. वाचनालयातून आणलेलं पुस्तक एका खोलीत थांबायचंच नाही. रात्रपाळीचा गिरणी कामगार आणि मॅट्रिकचा मुलगा एकाच पुस्तकासाठी नंबर लावून बसत. विद्वानांनी नाकं मुरडली, मुरडू देत. साध्या माणसाला वाचनाची गोडी लावायचं काम अर्नाळकरांनी केलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढे २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबईत टीव्ही आला, १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. चाळीतली संध्याकाळ बदलली ती बदललीच.

इकडे हे चाललेलं असताना १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. आपल्या सोसायटीची कॉलेजची मुलं दर शनिवारी ऑफिसात बसून खेळतात तो हाच. "फासे आहेत म्हणजे जुगार," अशी तक्रार कमिटीकडे आली आहे, म्हणून मी दोन शनिवार शेजारी बसून पाहिलं. पैशाचा संबंध नाही. एक जण सूत्रधार असतो, बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो, हे काय करणार ते बोलतात, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. एरवी राक्षस मारतात. सध्या मात्र खुनाचा तपास चालू आहे. बंद खोलीत किल्लेदार मेलेला सापडला आहे.

आणि इथेच खरी गोम आहे. अर्नाळकरांच्या धनंजयला पुरावा सापडायचाच, कारण लेखणी अर्नाळकरांच्या हातात. खेळात तसं नाही. खेळाडू भलत्याच खोलीत शिरले, किंवा फासा उलटा पडला, तर धागा हातचा जातो आणि सगळे एकमेकांची तोंडं बघत बसतात. म्हणून या खेळातल्या जाणत्यांनी एक नियम काढला आहे: ज्या निष्कर्षाला खेळाडूंनी पोचायचं, त्याचे निदान तीन वेगवेगळे सुगावे पेरून ठेवायचे.

मला हे ऐकून हसू आलं. बँकेत इन्स्पेक्शनला आम्ही दुसरं काय करत होतो? एका व्यवहाराची खूण व्हाउचरवर असते, डे-बुकात असते, लेजरमध्येही असते. व्हाउचर गहाळ केलं तरी उरलेली दोन बोलतात.

बी विंगमधली जी मुलगी सूत्रधार आहे तिने हे बरोबर साधलंय. गुन्हेगार कोठावळा. कोठाराच्या वहीत दिव्याचं तेल जास्त खर्ची पडलेलं, पहारेकऱ्याने मध्यरात्री उजेड पाहिलेला, आणि खिडकीखाली सांडलेल्या तेलाचा डाग. मुलांनी वही उघडली नाही, पहारेकऱ्याशी भांडण काढलं, पण डाग दिसला! कोणाचं नाव घ्यायचं ते अजून ठरत नाही.

मी विचारलं, "तुमच्यात मांत्रिक आहे ना, मग सरळ प्रेतालाच का नाही विचारत?" तर त्याचीही तरतूद आहे. मेलेल्याशी बोलायचा मंत्र आहे, पण प्रश्न पाचच. आणि मेलेल्यावर खरं बोलायचं बंधन नाही. जादूच्या राज्यातही साक्ष तपासूनच घ्यावी लागते, हे मला फार आवडलं. मग पाच प्रश्न कोणते, यावर पाऊण तास वाद. मोबाइल सगळ्यांचे उपडे पडलेले. सायन्सचा मुलगा आणि कॉमर्सची मुलगी एकमेकांचे मुद्दे खोडत होते, मराठीत.

कमिटीपुढे अर्ज आहे तो रात्री साडेदहापर्यंत ऑफिस वापरू देण्याचा. विजेचे पैसे मुलं द्यायला तयार आहेत. अर्जावर अनुमोदक म्हणून मी सही केली आहे. ज्यांना शंका आहे त्यांनी मतदानाआधी एक शनिवार येऊन बसावं. खुर्च्या आहेत.