केशव की माधव?

लिटिल इंडियात भाजी घ्यायला गेलो की सेरंगून रोडवरच्या श्रीनिवास पेरुमाळच्या देवळात आपण डोकावतोच. तिथे हात जोडताना मला हटकून ग. ह. खरे आठवतात, आणि जरा लाजही वाटते.

खरे (१९०१–१९८५) मूळचे पनवेलचे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात त्यांनी हयात घालवली. फारसी कागद, ताम्रपट, शिलालेख हे त्यांचे रोजचे काम. त्यातूनच १९३९ साली ‘मूर्तिविज्ञान’ आले. गोपीनाथ रावांचा या विषयावरचा इंग्रजी ग्रंथ १९१४ ते १९१६ या काळात निघाला होता. खऱ्यांनी हे शास्त्र मराठीत आणले.

त्यातला चोवीस विष्णूंचा हिशेब आम्हा गणितवाल्यांना फार भावतो. शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधे आणि हात चार. त्यांची मांडणी २४ प्रकारे होते, आणि संध्येतली केशवापासून कृष्णापर्यंतची नावेही २४! मूर्तीचा एक हात तुटला तरी उरलेल्या तिन्हींवरून नाव सांगता येते; दोन तुटले तर दोन शक्यता उरतात. (पुराणांच्या याद्या सगळीकडे जुळत नाहीत, हा भाग वेगळा.)

आमच्या गावच्या देवळात काळ्या पाषाणाचा केशवराज आहे. एका सुट्टीत मी ऐटीत आयुधे मोजली – गदा, चक्र, शंख, पद्म – आणि भर सभामंडपात जाहीर केले, “हा केशव नव्हेच, माधव आहे!” गुरवकाका गप्प बसले. आत्या मात्र दुखावली. तिने साठ वर्षे ज्याला केशव म्हणून हाक मारली, त्याचे नाव मी एका मिनिटात बदलले होते.

नंतर नियम नीट वाचला. सुरुवात मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून करायची आणि प्रदक्षिणेच्या क्रमाने जायचे. मूर्तीचा उजवा म्हणजे समोर उभ्या माणसाचा डावा. मी यादी उलटी वाचली होती. सरळ वाचली तर पद्म, शंख, चक्र, गदा: केशवच! आत्याला तसे पत्र लिहिले. “आम्हाला ठाऊक होतंच,” एवढेच उत्तर आले.

पेरुमाळपुढे मात्र हा हिशेब चालत नाही. या रूपात वरच्या हातांत चक्र आणि शंख, खालचा उजवा वर देणारा, डावा कमरेजवळ. आपला पांडुरंग तर दोनच हातांचा, दोन्ही कटीवर. त्या विठ्ठलावरही खऱ्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. मंडळाच्या पुस्तकपेटीत माझी प्रत ठेवली आहे, जरूर न्या.