नारूचा माग

‘नारू’ हा शब्द आजच्या विद्यार्थ्याला बहुधा शब्दकोशातच भेटेल. दोन पिढ्यांपूर्वी महाराष्ट्राच्या पठारावर तो पुष्कळांना ठाऊक होता. पायावर फोड यायचा, फुटायचा आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा, हातभराहून लांब जंत डोकवायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढून काढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून पिकायचा आणि माणूस आठवडेच्या आठवडे घरात पडून राहायचा.

हा रोग कोणाला होई? वाईच्या घाटावर कृष्णेचे वाहते पाणी भरणाऱ्याला त्याचे भय थोडे. नारूच्या अळ्या सायक्लॉप्स या चिमुकल्या जलचराच्या पोटात वाढतात, आणि त्याला साचलेले पाणी मानवते. (डबक्यातले पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडासमोर धरा. झटके देत पळणारे पांढरे ठिपके दिसले, तर ते सायक्लॉप्स असण्याचा संभव मोठा.) वाईहून साताऱ्याकडे जाताना लिंब गावची बारा मोटांची विहीर आपण पाहिली असेल. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस थेट पाण्यापर्यंत उतरू शकतो. फोडाची आग शमवायला रोग्याने पाय बुडवला की हजारो अळ्या पाण्यात सुटत, आणि तेच पाणी दुसऱ्याच्या घागरीत जाई. ज्याच्या वाड्यात कठड्याचा आड, तो बचावला. पायऱ्या उतरणारा सापडला.

सायक्लॉप्सचा हा वाटा रशियन संशोधक फेडचेन्को यांनी १८७० च्या सुमारास ओळखला. पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, डॉ. तुर्खुड यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास असे सायक्लॉप्स पोटात गेल्याने माणसाला नारू होतो, हे प्रयोगाने दाखवले. उपाय तेव्हाच उघड होता: पाणी फडक्याने गाळा, विहिरीच्या पायऱ्या बंद करा. देशभर तो अमलात यायला आणखी सत्तर वर्षे जावी लागली. नारू श्रीमंतांना होत असता, तर एवढी लागली असती असे वाटत नाही.

राष्ट्रीय मोहीम १९८३-८४ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश, गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि तमिळनाडू या सात राज्यांत १९८४ साली सुमारे ४० हजार रुग्ण सापडले. लस नव्हती, औषधही नव्हते. हातपंप बसवणे आणि विहिरी सुधारणे पाणीपुरवठा खात्याकडे. घरोघर रुग्ण शोधणे, पाण्यात टेमेफॉस टाकणे, गाळणीचे फडके वापरायला शिकवणे आरोग्य खात्याकडे. एकट्या खात्याने हे होणारे नव्हते.

खरी अडचण वेगळीच होती. दूषित पाणी प्याल्यावर जंत बाहेर यायला सुमारे वर्ष लागते. समजा, सांगलीच्या साखर कारखान्यावर ऊसतोडीला आलेल्या मजुराच्या पायात नारू निघाला. तो सांगलीच्या पाण्यातला नव्हे, तर वर्षापूर्वी तो जिथले पाणी प्याला तिथला. ते गाव दुसऱ्या जिल्ह्यात, कदाचित दुसऱ्या राज्यात. म्हणून इथे त्याचा पाय पाण्यापासून दूर ठेवायचा, आणि नोंद मात्र तिकडे पोचवायची. हद्दीपाशी थांबणारी नोंदवही इथे निरुपयोगी. सातही राज्यांच्या माहितीचा मेळ दिल्लीची राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्था घालत असे.

देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात आढळला. तरीही शोध पुढे तीन वर्षांहून अधिक काळ चालूच राहिला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.