अवकलके, असाहचर्य बीजगणितांवरील

ज्या सदिश अवकाशावर दोन्ही घटकांत रेषीय असा गुणाकार दिलेला असतो, पण (कख)ग आणि क(खग) यांच्या समानतेचे बंधन नसते, त्याला असाहचर्य बीजगणित म्हणतात. त्यावरील रेषीय चित्रण 'द' जर द(कख) = द(क)ख + क द(ख) हा लायब्निझचा नियम पाळत असेल, तर ते अवकलक होय.

मूळ गुणाकार कितीही अनियमित असला तरी त्याची अवकलके नियमबद्धच असतात. द आणि ध ही अवकलके असली की दध − धद हेही अवकलक असते. चित्रणे एकामागून एक लावण्याची क्रिया साहचर्य नियम पाळते, त्यामुळे सर्व अवकलके मिळून ली बीजगणित बनते. सांत मितीच्या वास्तव बीजगणितात हे ली बीजगणित गुणाकार जपणाऱ्या सममितींच्या गटाचेच असते. रचनेच्या अभ्यासात अवकलकांना इतके महत्त्व आहे ते यामुळेच.

सर्वांत सुंदर उदाहरण ऑक्टोनिअनांचे. जॉन ग्रेव्हज यांना १८४३ मध्ये सुचलेले आणि आर्थर केली यांनी १८४५ मध्ये प्रसिद्ध केलेले हे बीजगणित ८ मितींचे आहे. साहचर्य बीजगणितात कोणताही घटक 'क' घेतला की क्ष → कक्ष − क्षक हे अवकलक आयतेच मिळते. ऑक्टोनिअनांत ते मिळत नाही. तेथे दोन घटक लागतात: [[क, ख], क्ष] − ३(क, ख, क्ष). यात [क, ख] = कख − खक, आणि (क, ख, क्ष) = (कख)क्ष − क(खक्ष). साहचर्यातली उणीव मोजणारे पदच येथे अवकलक घडवते, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. प्रत्येक अवकलक १ ला शून्यावर नेते आणि उरलेल्या ७ मितींतील अंतरे जपणारी सूक्ष्म भ्रमणे देते. अशा भ्रमणांच्या २१ मिती असतात. ऑक्टोनिअनांचा गुणाकार त्यांपैकी १४ च टिकू देतो. हेच अपवादात्मक ली बीजगणित जी-२. हा संबंध एली कार्तां यांनी १९१४ मध्ये दाखवला. पुढे १९५० मध्ये क्लॉड शेव्हाले आणि रिचर्ड शेफर यांनी ऑक्टोनिअनांच्या ३ × ३ हर्मिशियन आव्यूहांचे २७ मितींचे जॉर्डन बीजगणित घेतले. त्याची अवकलके ५२ मितींचे एफ-४ देतात.

अवकलकांखाली स्थिर राहणारा एकही खरा आदर्श (शून्याखेरीज) नसलेली बीजगणिते रिचर्ड ब्लॉक यांनी १९६९ मध्ये वर्गीकृत केली. लक्षणांक ० असलेल्या क्षेत्रावरील सांत मितीची अशी बीजगणिते साधीच असतात. लक्षणांक अविभाज्य संख्या 'प' असला तर चित्र पालटते: क्षᵖ = ० मानलेल्या बहुपदींच्या बीजगणितात आदर्श पुष्कळ असतात, पण नेहमीचे अवकलन प्रत्येक वेळी घातांक एकाने उतरवते आणि कोणताच आदर्श स्थिर राहू देत नाही.

लक्षणांक ० असताना सांत मितीच्या ली बीजगणितावर व्यस्तक्षम अवकलक असेल तर ते बीजगणित शून्यघाती असलेच पाहिजे, हे नेथन जेकबसन यांनी १९५५ मध्ये सिद्ध केले. याचा व्यत्यास खरा नाही: १९५७ मध्ये जाक दिक्समिए आणि लिस्टर यांनी ज्याचे प्रत्येक अवकलक स्वतःच शून्यघाती आहे असे ८ मितींचे शून्यघाती ली बीजगणित दाखवले.